साठीनंतरचे तीन हजार : सरकारचा वाटा कुणाला आणि कोणत्या अटीवर?

ज्यांच्या पगारातून दरमहा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो त्यांना त्या कपातीचा कधी कधी राग येतो. परंतु निवृत्तीच्या दिवशी तीच कपात आधाराला उभी राहते. ज्यांना पगारपत्रकच नाही त्यांची गोष्ट वेगळी. चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, भाड्याची रिक्षा चालविणारा तरुण, होडीवर जाणारा खलाशी, वाडीत रोजाने राबणारा मजूर, बेकरीतील कामगार, घरी बसून शिवणकाम करणारी माता या साऱ्यांच्या हाती दिवसाचा वा महिन्याचा पैसा येतो आणि खर्च होतो. त्यांच्या वतीने कुणी मालक काही बाजूला काढून ठेवीत नाही. अंगात बळ आहे तोवर हे चालते. पुढे मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि मुलांची मिळकतही तशीच हातावरची असली तर त्या घरात म्हातारपण हे ओझे होऊन बसते.

या वर्गाने वृद्धापकाळासाठी स्वतः थोडी बचत करावी आणि त्या बचतीत सरकारने आपल्या तिजोरीतून भर घालावी, या कल्पनेला सरकारी भाषेत 'सह-अंशदान' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. तुम्ही एक रुपया टाका, सरकार एक रुपया टाकील. नुसते अनुदान दिले तर ते आजच खर्च होते आणि नुसता उपदेश केला तर कुणी बचत करीत नाही. म्हणून हा मधला मार्ग. आपल्या देशात या मार्गाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनेक योजना आल्या. त्यांतील एक बंद झाली, एकीतील सरकारी भर संपली, आणि ज्या चालू आहेत त्यांची नीट माहिती, ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. सरकारचा हा वाटा आपल्या नावे जमा होतो त्या दिवशी तो आपला होत नाही. तो आपला होतो वयाच्या साठाव्या वर्षी, आणि तोही तोवर हप्ते चालू ठेवणाऱ्याचा. ही अट न समजता नाव नोंदविणारे पुढे निराश होतात आणि सरकारला दोष देतात. दोष देण्याजोगे या योजनांत आहेही. पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. त्याकडे ओघाने येऊच.

स्वावलंबन : हजार रुपयांची योजना

असंघटित क्षेत्रातील माणसाच्या म्हातारपणाचा विचार सरकारदरबारी पद्धतशीरपणे सुरू झाला तो १९९८ साली. 'सेबी'चे पहिले अध्यक्ष डॉ. एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने एक समिती नेमली. तिचा अहवाल २००० साली आला. सरकारी नोकर आणि कारखान्यातील कामगार सोडले तर उरलेल्या प्रचंड लोकसंख्येला निवृत्तिवेतनाची कोणतीच व्यवस्था नाही, हे त्या अहवालाने ठामपणे मांडले. त्यातूनच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धती, म्हणजेच एनपीएस, उभी राहिली. १ जानेवारी २००४ पासून ती केंद्र सरकारच्या नव्या नोकरांना लागू झाली व १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. दार उघडले खरे, परंतु गरीब माणूस आत आला नाही. महिन्याअखेरीस ज्याच्याजवळ काही उरतच नाही त्याला तीस वर्षांनंतरची गोष्ट सांगून काय उपयोग?

त्याला आत आणण्यासाठी काही राज्यांनी स्वतःच पाऊल उचलले होते. आंध्र प्रदेशाने २००९ साली बचतगटांतील स्त्रियांसाठी जी योजना आणली तिचा हिशेब कुणालाही पाठ व्हावा असा होता. स्त्रीने दिवसाला एक रुपया टाकावा, राज्याने एक रुपया टाकावा. पुढच्याच वर्षी, २०१०च्या अर्थसंकल्पात, केंद्रीय अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी 'स्वावलंबन' योजना जाहीर केली. असंघटित क्षेत्रातील जो कुणी एनपीएसच्या खात्यात वर्षाला किमान १,००० आणि जास्तीत जास्त १२,००० रुपये भरील, त्याच्या खात्यात केंद्र सरकार वर्षाला १,००० रुपये घालील, अशी ती योजना होती.

हजाराला हजार, म्हणजे पहिल्याच दिवशी पैसे दुप्पट. इतके चांगले व्याज कोणती पतपेढी देईल? तरीही योजना मूळ धरू शकली नाही. कारणे उघड आहेत. साठाव्या वर्षी नेमके किती मिळणार हे कुणी सांगू शकत नव्हते, कारण ते बाजारावर अवलंबून होते. सरकारची भर काही ठरावीक वर्षांपुरतीच होती. नंतर हप्ता चालू ठेवायला माणसाजवळ कारण उरत नव्हते. आणि वर्षाला हजार रुपये भरून साठलेली पुंजी अखेरीस इतकी लहान भरणार होती की तिच्यातून मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याच्या औषधालाही पुरले नसते. २०१५ साली सरकारने ही योजना नव्या सभासदांसाठी बंद केली आणि तिच्या जागी 'अटल पेन्शन योजना' आणली. चाळिशीच्या आतील सभासदांना नव्या योजनेत जाता आले. चाळिशी ओलांडलेल्यांना ते दार मिटले.

ज्यांनी त्या काळात एखाद्या संस्थेच्या वा प्रतिनिधीच्या सांगण्यावरून स्वावलंबनमध्ये दोन-चार वर्षे पैसे भरले व नंतर विसरून गेले, त्यांनी कपाटातील जुनी कागदपत्रे जरूर पाहावीत. बारा आकडी 'प्रान' क्रमांक असलेले कार्ड सापडले तर ते खाते अजूनही त्यांच्या नावावर असण्याचा संभव आहे.

अटल : भर संपली, हमी राहिली

अटल पेन्शन योजनेचे उद्घाटन ९ मे २०१५ रोजी कोलकाता येथे झाले आणि १ जूनपासून ती सुरू झाली. वय १८ ते ४०, बँकेत वा टपाल कार्यालयात बचत खाते, एवढी पात्रता. साठीनंतर दरमहा १,०००, २,०००, ३,०००, ४,००० किंवा ५,००० रुपये यांपैकी किती पेन्शन हवी ते आपण निवडायचे. हप्ता वयावर ठरतो. अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी महिना २१० रुपये पडतात. तिसाव्या वर्षी ५७७. चाळिसाव्या वर्षी १,४५४. उशीर किती महाग पडतो हे या तीन आकड्यांवरून कळावे.

या योजनेतही सुरुवातीला सरकारी भर होती. ३१ मार्च २०१६ पूर्वी दाखल झालेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि इतर कोणत्याही कायदेशीर सामाजिक सुरक्षा योजनेत नसलेल्या सभासदांच्या खात्यात सरकारने पाच वर्षे त्यांच्या हप्त्याच्या निम्मी रक्कम, कमाल वर्षाला १,००० रुपये, घातली. २०१९-२० या वर्षाबरोबर ती मुदत संपली. त्यानंतर अटल योजनेत दाखल होणाऱ्याला हप्त्यात सरकारचा एक रुपयाही मिळत नाही. बँकेच्या खिडकीशी आजही कुणी 'सरकार निम्मे भरते' असे सांगितले, तर ते जुन्या माहितीवर बोलत आहेत असे समजावे. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने प्रवेशही नाही.

भर संपली तरी एक मोलाची गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे हमी. निवडलेली पेन्शन देण्याइतके उत्पन्न गुंतवणुकीतून आले नाही तर तूट सरकारने सोसायची आहे. हीदेखील एक प्रकारची भरच. फक्त ती आज दिसत नाही. शिवाय सभासदाच्या मृत्यूनंतर पती वा पत्नीला तेवढीच पेन्शन हयातभर मिळते आणि दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम वारसाला मिळते : १,००० रुपयांच्या पेन्शनमागे १ लाख ७० हजार, ५,००० रुपयांमागे साडेआठ लाख. जुलै २०२५ मध्ये या योजनेतील एकूण नोंदणी ८ कोटींच्या पुढे गेली. संख्या मोठी आहे. परंतु त्यातील फार मोठ्या हिश्शाने १,००० रुपयांचीच पेन्शन निवडली आहे. ही माणसे साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या हातात महिन्याला हजार रुपये पडतील. त्यावेळी हजारात काय येईल?

मानधन : आज खरी भर येथे आहे

मराठीत आपण 'मानधन' म्हणतो ते व्याख्यात्याला किंवा अंगणवाडी सेविकेला मिळणाऱ्या रकमेला. 'प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन' या नावामुळे आपल्याकडे थोडा गोंधळ होतो. लोकांना वाटते, नाव नोंदविले की सरकार दरमहा काहीतरी देणार. तसे नाही. ही पेन्शन योजना आहे आणि तिच्यात आधी आपणच भरावयाचे आहे.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी मांडलेल्या हंगामी अर्थसंकल्पात पीयूष गोयल यांनी तिची घोषणा केली आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून ती अमलात आली. वय १८ ते ४०. मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा किंवा एनपीएस यांचे कवच नाही. प्राप्तिकर भरीत नाही. असे असंघटित क्षेत्रातील कुणीही तिच्यात येऊ शकते. घरकामगार, फेरीवाले, हमाल, शेतमजूर, बांधकाम मजूर, परीट, रिक्षावाले, विडीकामगार, शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या स्त्रिया ही तिच्या यादीतील काही नावे.

हप्ता अठराव्या वर्षी महिना ५५ रुपये आहे. पंचविसाव्या वर्षी ८०, एकोणतिसाव्या वर्षी १००, पस्तिसाव्या वर्षी १५० आणि चाळिसाव्या वर्षी २००. ज्या वयात दाखल झालो त्या वयाचा हप्ता साठीपर्यंत तोच राहतो. आणि जेवढे आपण भरू तेवढेच केंद्र सरकार दरमहा आपल्या नावे भरते. पाच वर्षांपुरते नव्हे, साठीपर्यंत. साठीनंतर दरमहा किमान ३,००० रुपये पेन्शन. या निधीची व्यवस्था आयुर्विमा महामंडळाकडे आहे.

हिशेब करून पाहू. एकोणतीस वर्षांची घरकामगार स्त्री महिना १०० रुपये भरू लागली तर एकतीस वर्षांत तिच्या खिशातून ३७,२०० रुपये जातील. तेवढेच सरकार घालील. साठीनंतर तिला वर्षाला ३६,००० रुपये मिळतील. म्हणजे तिने आयुष्यभर भरलेले पैसे साडेबारा महिन्यांत परत येतात, आणि पुढे ती जितकी वर्षे जगेल तितकी वर्षे पेन्शन चालू राहते. चाळिसाव्या वर्षी दाखल होणाऱ्याचे वीस वर्षांत ४८,००० रुपये जातात. तोही व्यवहार नुकसानीचा नाही.

लहान शेतकऱ्यांसाठी याच धर्तीवर 'किसान मानधन' योजना सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. हप्ते तेच, सरकारचा समान वाटा तोच, पेन्शन तीच. जमीन दोन हेक्टरांपर्यंत असावी आणि १ ऑगस्ट २०१९ रोजी भूमी अभिलेखात नाव असावे, ही अट. किसान सन्मान निधीचे जे पैसे येतात त्यातूनच हप्ता वळता करण्याची सोय आहे. आपल्याकडे एक अडचण नेहमी येते : वाडीत दिवसभर राबते ती स्त्री, आणि सातबारावर नाव असते सासऱ्याचे वा नवऱ्याचे.  तिने श्रमयोगी मानधनात स्वतंत्र खाते काढावे.

मध्येच सोडले तर

येथे ती आरंभी सांगितलेली अट येते. श्रमयोगी मानधनातून दहा वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्याला फक्त स्वतःने भरलेले पैसे आणि त्यावर बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. सरकारचा वाटा मिळत नाही. दहा वर्षांनंतर पण साठीपूर्वी बाहेर पडल्यास स्वतःची रक्कम व त्यावर निधीने प्रत्यक्ष मिळविलेले व्याज किंवा बचत खात्याचे व्याज, यांपैकी जे अधिक असेल ते मिळते. सरकारचा वाटा तेव्हाही नाही. अटल योजनेतही ज्यांना ती पाच वर्षांची भर मिळाली होती, त्यांनी स्वेच्छेने योजना सोडली तर ती भर व तिच्यावरील उत्पन्न परत जाते.

म्हणून पाच-सहा वर्षे भरून सोडण्याचा विचार असेल तर मानधनात जाऊच नये. टपाल कार्यालयातील आवर्ती ठेव त्यापेक्षा बरी. तेथे बचत खात्याहून जास्त व्याज तरी मिळते. मानधनातील सरकारची भर ही चिकाटीची भर आहे. आणि चिकाटी मोडते ती बहुधा मोठ्या संकटाने नव्हे, तर खात्यात शंभर रुपये नसल्याने. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी खाते रिकामे असले की हप्ता चुकतो, दोन-तीन महिने असे झाले की माणूस म्हणतो, आता राहू दे. वास्तविक चुकलेले हप्ते दंडासह भरून खाते पुन्हा सुरळीत करता येते. त्यापेक्षा सोपा उपाय असा की, सणाला हातात थोडा पैसा येतो तेव्हा वर्षाच्या हप्त्यांएवढी रक्कम त्या खात्यात ठेवून द्यावी आणि तिला हात लावू नये. बँकेचे विलीनीकरण झाले किंवा खाते बदलले तर नवा क्रमांक योजनेत नोंदविला आहे ना, हे पाहावे.

साठीपूर्वी सभासदाचा मृत्यू झाल्यास पती वा पत्नीला हप्ते पुढे चालू ठेवता येतात किंवा पैसे काढून घेता येतात. साठीनंतर सभासद गेला तर जोडीदाराला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये पेन्शन मिळते. दोघांच्या पश्चात मुलांना काही मिळत नाही. शिल्लक निधीत परत जाते.

मग अटल घ्यावी की मानधन? तिसाव्या वर्षी साठीनंतरच्या ३,००० रुपयांसाठी अटलमध्ये महिना ३४७ रुपये पडतात, मानधनात १०५. हा फरक सरकारच्या वाट्यामुळे आहे, आणि काही अंशी यामुळेही की अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण पेन्शन व वारसाला ५ लाख १० हजार रुपये आहेत, मानधनात ते नाहीत. माझे मत विचाराल तर, ज्या घरात ३४७ रुपये दरमहा खात्रीने निघू शकतात तेथे अटलचा विचार अवश्य व्हावा. ज्या घरात ते निघणार नाहीत तेथे मोठा हप्ता घेऊन दोन वर्षांत मोडण्यापेक्षा १०५ रुपयांचा हप्ता तीस वर्षे टिकविणे शहाणपणाचे. नवरा-बायको दोघेही पात्र असतील तर दोघांनी मानधनात स्वतंत्र खाती काढावीत. साठीनंतर त्या घरात सहा हजार येतील.

तीन हजारांची किंमत

आता दोषाकडे वळू. आज तीन हजार रुपयांत एका वृद्ध जोडप्याचा किराणा कसाबसा भागेल. परंतु आज एकोणतीस वर्षांची असलेली स्त्री हे तीन हजार एकतीस वर्षांनी घेणार आहे. दरवर्षी सरासरी ५ टक्के महागाई धरली तर त्यावेळच्या तीन हजारांची किंमत आजच्या सुमारे ६६० रुपयांएवढी असेल. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर ती चारशेच्याही खाली जाते. योजनेत महागाईबरोबर पेन्शन वाढविण्याची कोणतीही तरतूद नाही. सरकारी नोकराच्या पेन्शनवर महागाई भत्ता चढतो. घरकामगाराच्या पेन्शनवर तो चढत नाही.

'पुढचे सरकार वाढवील' असे कुणी म्हणेल. अनुभव तसा नाही. निराधार वृद्धांसाठीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीमागे केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि तो पंधरा वर्षांहून अधिक काळ दोनशेच राहिला आहे. राज्ये आपापली भर घालतात म्हणून त्या योजनेला काही अर्थ उरला आहे.

दुसरी बाजूही पाहावी. सुखवस्तू मध्यमवर्गीयाने एनपीएसमध्ये वर्षाला ५० हजार रुपये जादा टाकले, तर जुन्या करप्रणालीत त्याला त्या रकमेवर करसवलत मिळते. तीस टक्के कराच्या टप्प्यातील माणसाचा त्यातून वर्षाला १५ हजार रुपये कर वाचतो. याला कुणी 'सरकारी भर' म्हणत नाही; पण तिजोरीच्या दृष्टीने तीही भरच आहे. एकोणतीस वर्षांच्या घरकामगार स्त्रीसाठी तीच तिजोरी वर्षाला १,२०० रुपये घालते. हा हिशेब कुणाला दुखविण्यासाठी मांडलेला नाही. गरिबाला सारे फुकट मिळते असे आपल्या बैठकीत सहज बोलले जाते, म्हणून मांडला.

सरकारी भर ही सरकारच्या मर्जीवर कमीजास्त होते, हे अन्य देशांतही दिसते. आपल्यापैकी अनेकांची मुले ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे स्थायिक आहेत. त्यांना हे ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियाने २००३ साली अल्प उत्पन्नाच्या लोकांना डॉलरमागे एक डॉलर, कमाल हजार, देण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी तो दीड डॉलर, कमाल दीड हजार, केला. आणि २०१२-१३ पासून अर्ध्या डॉलरवर, कमाल ५०० वर आणून ठेवला. न्यूझीलंडच्या 'किवीसेव्हर'मध्ये सरकार डॉलरमागे पन्नास सेंट देत असे. १ जुलै २०२५ पासून ते पंचवीस झाले. तेथील मुलांनी आपल्या निवृत्तीचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे. आपल्या मानधन योजनेतील 'साठीपर्यंत समान वाटा' हे वचन त्या मानाने पक्के आहे. पण त्यातून जे मिळणार ते पूर्ण म्हातारपण नव्हे, म्हातारपणाचा एक कोपरा झाकणारे आहे. त्याच्या जोडीला दुसरी काही बचत हवीच.

ज्यांची चाळिशी उलटली

या साऱ्या योजनांत चाळिसाव्या वर्षाची रेघ आहे आणि ती फार कठोर आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत. म्हातारपणाची काळजी ज्यांना सर्वांत जवळची, त्यांनाच दार बंद. त्यांना एनपीएसमध्ये स्वतःच्या पैशाने जाता येते, पण सरकारी भर नाही. पासष्टीनंतर, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असेल तर, महाराष्ट्र शासनाच्या श्रावणबाळ योजनेतून अर्थसाह्य मिळू शकते. २०२३ साली ते दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. त्यासाठी तलाठ्यापासून तहसील कार्यालयापर्यंत जे हेलपाटे पडतात ते निरक्षर वृद्धेला एकटीने झेपत नाहीत. शेजाऱ्यांपैकी कुणी लिहिता-वाचता माणूस बरोबर गेला तर काम होते.

चाळिशीच्या आतील कामगारांसाठी मात्र मालकांना करण्यासारखे काही आहे. श्रमयोगी मानधन आणताना पाच वर्षांत किमान १० कोटी श्रमिक तिचा लाभ घेतील अशी अपेक्षा अर्थसंकल्पात व्यक्त झाली होती. नोंदणी झाली अर्ध्या कोटीच्या आसपास. कारण शंभर रुपये नसणे हे जसे आहे, तसे कुणी सांगणारे नसणे हेही आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने 'डोनेट अ पेन्शन' नावाची सोय सुरू केली. तिच्यात आपल्या घरची मोलकरीण, वाहनचालक, मदतनीस यांचा हप्ता मालकाला भरता येतो. किमान एका वर्षाचे पैसे भरावे लागतात. कामगाराच्या वयानुसार ही रक्कम वर्षाला ६६० ते २,४०० रुपये होते. नाताळात नवी साडी आणि मिठाईचा पुडा आपण देतोच. त्याबरोबर वर्षभराचा हप्ता देणे कुणाही नोकरदार कुटुंबाला जड नाही, आणि खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकण्याची भीतीही त्यामुळे जाते. मात्र एकदा हाती घेतले तर निदान काही वर्षे टिकवावे, आणि ती काम सोडून गेली तर पुढचे हप्ते तिने कसे भरावेत हे तिला समजावून सांगावे.

नोंदणीसाठी जवळच्या सामायिक सेवा केंद्रात, ज्याला लोक सीएससी केंद्र म्हणतात तेथे, आधार कार्ड, बचत किंवा जनधन खात्याचे पासबुक आणि मोबाइल घेऊन जावे. पहिला हप्ता तेथे रोखीने द्यावयाचा असतो. पुढचे खात्यातून जातात. जोडीदार व वारस यांची नावे आधारवर जशी आहेत तशीच लिहून घ्यावीत. आपल्याकडे दप्तरी नाव एक, घरचे नाव दुसरे आणि आडनावाची लेखनपद्धती तिसरी, असा प्रकार फार आहे, आणि तो तीस वर्षांनी नडतो. नोंदणी झाल्यावर पेन्शन खाते क्रमांक असलेले कार्ड मिळते. त्याची एक प्रत घरातील दुसऱ्या कुणाजवळ द्यावी. अडचण आल्यास १८०० २६७ ६८८८ या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करता येते.